आवाजाच्या पुढे बघा

विमान ओळखायचं असेल तर आवाज येतो तिकडे बघायचं नाही, हा पहिला धडा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तीन किलोमीटर उंचीवरून गेलेल्या विमानाचा आवाज खाली पोचायला आठ-नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी 900 किलोमीटरने चाललेलं लढाऊ विमान दोन किलोमीटरहून पुढे गेलेलं असतं. त्यात आमच्या मुळशीत आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येतो. वर्गातली पोरं ताम्हिणीकडे माना वळवून "सर, कुठंय?" म्हणून ओरडतात, तोवर सुखोई धरणापलीकडे पसार झालेलं असतं.

मी पौडच्या पुढच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवतो. विमानांचा नाद मला त्यातूनच लागला. वरून जाणाऱ्या विमानाचा ना रंग दिसतो, ना त्यावरचे आकडे. उजळ आकाशावर एक काळी आकृती दिसते, तीही चार-दोन सेकंद. बाह्यरेषा ज्याला वाचता येते, त्याला विमान ओळखता येतं. महागडी दुर्बीण गळ्यात अडकवून आलेल्या हौशी माणसापेक्षा सातवीतली एखादी मुलगी लवकर ओळखते, ती यामुळे.

ही विद्या हौसेपोटी जन्मली नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हजारो साध्या नागरिकांना छायाकृतींची कार्डं दाखवून शत्रूची आणि आपली विमानं ओळखायला शिकवलं गेलं. 1944 साली नॉर्मंडीच्या स्वारीआधी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे ओढले, ते आपल्याच तोफांनी आपली विमानं पाडू नयेत म्हणून. आपल्याकडच्या आघाडीवर अडचण वेगळी होती. ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळात मधोमध लाल ठिपका असे आणि जपान्यांची खूणही लाल गोळा. घाईत गल्लत व्हायची. म्हणून लाल रंग पुसून निळ्याच्या दोन छटांचं वर्तुळ आलं, आणि तेव्हाच्या भारतीय हवाई दलाची विमानंही तेच लावून उडाली. आजचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ 1950 पासूनचं.

रडार आलं, यंत्रं आली, तरी ओळख चुकायची थांबली नाही. 27 फेब्रुवारी 2019 रोजी काश्मीरमध्ये बडगामला आपलंच एमआय-17 हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. ती मोठी चूक होती, हे पुढे हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं. मुलांना मी हा प्रसंग सांगतो. खेळ म्हणून आपण जे करतो, ते कुणाचं तरी जोखमीचं काम आहे, एवढं त्यांना कळलं पाहिजे.

आता आमच्या आकाशाविषयी. पुण्याच्या ईशान्येला लोहगावचा तळ 1939 साली ब्रिटिशांनी उभारला, मुंबईच्या रक्षणासाठी. 1987 मध्ये देशातली पहिली मिग-29 विमानं इथे आली. 1997 मध्ये पहिली सुखोई-30 आली आणि 2002 मध्ये खास भारतासाठी घडवलेली सुखोई-30 एमकेआयही पहिल्यांदा इथेच दाखल झाली. राष्ट्रपती अब्दुल कलाम 2006 मध्ये याच तळावरून सुखोईत बसून उडाले आणि 2009 मध्ये आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील. दोघंही तेव्हा 74 वर्षांचे होते. गावात हे सांगितलं की म्हातारी माणसं उगाचच ताठ बसतात.

मिग-29 आणि सुखोई यांत नवखा हमखास फसतो. दोन्ही रशियन, दोन्हींना दोन इंजिनं, दोन्हींच्या शेपटाला दोन उभी पाती. मग फरक कुठे? आधी आकार. मिगची लांबी सव्वासतरा मीटरच्या आसपास, सुखोईची जवळजवळ बावीस. पण आकाशात मोजपट्टी नसते, एकटं विमान किती मोठं आहे हे डोळा सांगू शकत नाही. म्हणून मागचं टोक बघायचं. सुखोईच्या दोन इंजिनांच्या मधून एक जाड नांगी मागे निघालेली असते. उतरताना वेग मोडायला उघडतात तो पॅराशूट तिच्यात असतो. मिगला अशी नांगी नाही. मग पुढे बघायचं. एमकेआयला वैमानिकाच्या कक्षामागे, मोठ्या पंखांच्या पुढे दोन छोटे पंख आहेत, त्यांना कनार्ड म्हणतात. नाक वर करून, वेग कमी ठेवून विमान वळवताना ते उपयोगी पडतात. फळ्यावर मी आधी मिग काढतो, मग त्यालाच नांगी आणि कनार्ड जोडतो. मुलं परत विसरत नाहीत.

मालवाहू विमानं सोपी. एएन-32 ची दोन इंजिनं पंखाखाली लटकत नाहीत, पंखाच्या वर बसवलेली असतात, कारण पंखे मोठे आहेत आणि ते जमिनीला लागता कामा नयेत. हे विमान घेतलंच हिमालयासाठी, विरळ हवेत आणि उंचावरच्या धावपट्ट्यांवर चालावं म्हणून. आमच्या आळीतले एक आजोबा त्याला 'दळण' म्हणतात. आवाज खरोखरच जात्यासारखा घरघरत येतो. पंख्यांची चार इंजिनं दिसली तर सी-130. नौदलाचं पी-8आय मात्र चकवतं. ते बोइंग 737 या प्रवासी विमानावरूनच बेतलेलं असल्यामुळे लोक ते मुंबईची फ्लाइट समजून सोडून देतात.

जून ते सप्टेंबर आमच्याकडे आकाश नसतंच, फक्त ढग आणि पाऊस. खरा हंगाम भाताची कापणी सुरू झाली की.

शेपटावरच्या अक्षरांचा नाद काहींना फार. सुखोईवर 'एसबी', मिग-29 वर 'केबी'. राफेलवरची 'आरबी' आणि 'बीएस' ही अक्षरं भदौरिया आणि धनोआ या दोन हवाई दलप्रमुखांच्या नावांवरून घेतली. माहिती गमतीची आहे, पण कुठलं विमान किती वाजता कुठे दिसलं हे अक्षरांसकट मोबाइलवरून गावभर पसरवणं मला पटत नाही. लोहगाव लष्करी तळ आहे, तिथे फोटो काढायला बंदी आहे आणि ती रास्तच आहे.

जवळून बघायचंच असेल तर पुणे कॅम्पातल्या दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात मिग-23 बीएन उभं आहे. त्याचे पंख उड्डाणातच मागेपुढे होत; हवाई दलाने ते 2009 मध्ये निवृत्त केलं. मिग-21 तर 26 सप्टेंबर 2025 रोजी, 62 वर्षांच्या नोकरीनंतर गेलं. त्यातली शेकडो आपल्या नाशिकजवळ ओझरला बांधलेली. त्याच ओझरहून पुढच्याच महिन्यात तिथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं.

सगळ्यात चांगली जागा मात्र गोव्यात, दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय. जागेवरून सरळ वर उठणारं सी हॅरियर तिथे आहे, आणि पूर्वी एअर इंडियाकडे असलेलं तीन शेपटांचं सुपर कॉन्स्टेलेशनही. गोव्याला जाल तेव्हा किनाऱ्याचा अर्धा दिवस कमी करा आणि मुलांना तिथे न्या. फोटो नंतर काढा. आधी त्यांच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि एका तरी विमानाची बाह्यरेषा काढायला लावा.