साक्ष, संभव आणि श्रद्धा

मंडळीत एखाद्या अद्भुत आरोग्यदानाची वार्ता येते, तेव्हा पाळकापुढे व धर्मशिक्षकापुढे दोन मोह उभे राहतात : ती तत्काळ व्यासपीठावरून सांगावी, किंवा हसण्यावारी न्यावी. या दोहोंमधील मार्ग शोधताना एका पाळकाचाच विचार उपयोगी पडतो.

थॉमस बेझ हे इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथील प्रेस्बिटेरियन पाळक. ते 1761 साली निवर्तले. संभाव्यतेवरील त्यांचा निबंध त्यांचे स्नेही व स्वतःही पाळक असलेले रिचर्ड प्राइस यांनी 1763 साली रॉयल सोसायटीपुढे आणला. त्यातून पुढे वाढलेला विचार असा : प्रत्येक विधानाला पुराव्याआधीच काही पूर्वसंभव असतो. नवा पुरावा तो किती पालटवील, हे एका प्रश्नावर ठरते : विधान खोटे असते, तरी हाच पुरावा दिसला असता काय?

दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणून ‘प्रार्थनेनंतर कावीळ उतरली’ ही साक्ष प्रामाणिक असली, तरी तिने चमत्कार सिद्ध होत नाही. देवाचे आभार मात्र अवश्य मानावेत.

चमत्कार इतका असंभाव्य की मानवी साक्ष त्याला पुरत नाही, असे डेव्हिड ह्यूमने 1748 साली मांडले. प्राइस यांनी 1767 साली उत्तर दिले : सोडतीत अमुकच क्रमांक निघणे अत्यंत असंभाव्य, तरी वृत्तपत्रातील त्याची बातमी आपण मानतो. हे उत्तर साक्षीचे दार उघडे ठेवते. परंतु सोडतीत कोणता तरी क्रमांक निघणारच असतो; चमत्काराचे तसे नाही. म्हणून तेथे साक्षही तितकीच बळकट हवी.

फ्रान्समधील लूर्द येथे 1883 पासून वैद्यकीय कार्यालय अशा साक्षी तपासते. निदान निश्चित होते काय, आरोग्य अकस्मात, पूर्ण व टिकाऊ आहे काय, हे पाहिले जाते. सात हजारांहून अधिक निवेदनांपैकी 2018 पर्यंत 70 चर्चने चमत्कार म्हणून मान्य केली. उरलेली सर्व खोटी, असे कोणी म्हटले नाही. ती सिद्ध झाली नाहीत, इतकेच.

जेथे पुरावाच नाही, तेथे विधान खोटे ठरविण्याचे ओझे आपणांवर नाही. ते बाजूस ठेवावे. पुरावा आल्यास पुन्हा पाहावे. मात्र अशा वार्तेवरून कोणी क्षयाचे औषध मध्येच सोडीत असेल, तर मौन हा अपराध होय. कारण रोग उलटतो व औषधालाही दाद देईनासा होतो. सर्व गोष्टींची पारख करा, हा पौलाचा थेस्सलनीकाकरांस उपदेश आहे. ही पारख आम्ही श्रद्धेची सेवाच मानतो.