पाय दिला, आता मैदानही देऊ या

आपल्या पाच आचारांत वीर्याचाराचा क्रम शेवटचा आहे. ज्ञान, दर्शन, चारित्र आणि तप यांच्या आराधनेत आपले सामर्थ्य लपवू नये, ते पूर्णपणे योजावे, हा त्याचा आशय. प्रतिक्रमणाच्या वेळी आपण त्याच्या अतिचारांची आलोचना करतो. मात्र घरातील एखाद्या तरुणाचा हात वा पाय अपघातात गेला, की हाच आचार त्याच्यापुरता बाजूला ठेवला जातो. ‘आता तू गल्ल्यावर बस, बाकीचे आम्ही पाहू,’ असे त्याला प्रेमाने सांगितले जाते. या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्याने काल मैदान गाजवले, त्याच्या उरलेल्या सामर्थ्याचे काय करायचे, हा प्रश्न त्या गल्ल्याशीच थांबतो.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील एका जवानाने अर्ध्या शतकापूर्वीच दिले आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात दाखल झाले आणि तेथे मुष्टियोद्धा म्हणून नावारूपाला आले. 1964 साली टोकियो येथे झालेल्या सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी मुष्टियुद्धात देशाचे प्रतिनिधित्व केले. पुढच्याच वर्षी, 1965 च्या युद्धात, त्यांच्या शरीरात अनेक गोळ्या शिरल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. विशीतल्या मुष्टियोद्ध्यासाठी याहून मोठा आघात कोणता असेल?

मुंबईतील नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार चालू असताना पोहणे हा व्यायामाचा भाग म्हणून त्यांच्या वाट्याला आला. मुष्टियुद्धाची वाट कायमची बंद झाली होती, पण स्पर्धेची ओढ कायम होती. 1968 साली तेल अवीव येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 50 मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी 37.33 सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवून सुवर्णपदक पटकावले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळण्यासाठी त्यानंतर 36 वर्षे जावी लागली.

व्यापारी कुटुंबांनी या कथेतील आणखी एका नावाकडे लक्ष द्यावे. ते नाव आहे विजय मर्चंट. कापड गिरण्यांच्या उद्योगाशी जोडलेल्या या विख्यात क्रिकेटपटूने अपंगांसाठी मोठे कार्य केले आणि पेटकरांना स्पर्धेपर्यंत पोहोचण्यासाठी साहाय्य केले. रुग्णाला औषध देणारे दाते पुष्कळ असतात. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या माणसाला स्पर्धेचे तिकीट काढून देणारा दाता विरळा. पेटकरांचा सन्मान व्हायला देशाने मात्र फार उशीर केला. पद्मश्री 2018 साली मिळाली, तर अर्जुन पुरस्कार जानेवारी 2025 मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर.

मुळात ही स्पर्धाच उपचारांतून जन्मली. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाचे डॉ. लुडविग गुटमन यांनी 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, 16 जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पाठीचा कणा मोडलेला रुग्ण केवळ पडून राहिला, तर शय्याव्रण आणि नैराश्य त्याला पोखरते. खेळामुळे त्याचे स्नायू आणि मन दोन्ही कामाला लागतात, हा त्यांचा अनुभव होता. 1960 साली रोममध्ये त्या रोपट्याचा वृक्ष झाला. पॅरिसच्या 2024 च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने 7 सुवर्ण, 9 रौप्य आणि 13 कांस्य अशी एकूण 29 पदके मिळवली.

त्या रौप्यपदकांपैकी एक सांगली जिल्ह्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांचे. शालेय वयात झालेल्या अपघातामुळे त्यांचा एक हात निकामी झाला. त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, मैदान सोडले नाही, आणि पॅरिसमध्ये 16.32 मीटर गोळाफेक केली. मुंबईत वाढलेल्या मानसी जोशी यांना लहानपणापासून बॅडमिंटनची आवड होती. डिसेंबर 2011 मध्ये दुचाकीवरून कार्यालयात जाताना अपघात झाला आणि त्यांचा डावा पाय कापावा लागला. कृत्रिम पायावर उभ्या राहून त्या पुन्हा बॅडमिंटनकडे वळल्या. 2015 च्या जागतिक स्पर्धेत त्यांना मिश्र दुहेरीचे रौप्यपदक मिळाले आणि 2019 साली बासेल येथे त्या एकेरीत विश्वविजेत्या ठरल्या. पदक त्यांना एका उडीत मिळाले नाही. तोल सावरणे, एका पायाच्या बळावर दिशा बदलणे, जिथे पूर्वी धावत पोहोचता येत होते तिथे अंदाजाने पोहोचणे, हे सर्व त्यांना नव्याने शिकावे लागले.

कृत्रिम पायाच्या बाबतीत जैन समाजाचे कार्य अभिमानास्पद आहे. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट विकसित केला. 1975 साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचवला. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी वाढदिवस, पुण्यतिथी किंवा पारणे यांच्या निमित्ताने अशा शिबिरांना हातभार लावला असेल. शिबिराचे छायाचित्र छापून येते आणि दात्याला समाधान लाभते. पण पाय लाभलेला तो मुलगा पुढे कुठे जातो? चालण्यासाठी बनवलेला पाय आणि धावण्यासाठीचे पाते वेगळे. घरातली चाकांची खुर्ची आणि स्पर्धेची खुर्ची यांतही तितकेच अंतर आहे. अनुकंपा चालण्यापाशी थांबली, तर ती अर्धीच राहते.

‘हे त्याच्या कर्माचे फळ’ असे म्हणून आपण पुष्कळदा विषय संपवतो. पण आपल्याच परंपरेने कार्यसिद्धीला काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे मानली आहेत. केवळ कर्माचे नाव घेणे हा एकांतवाद झाला. शिवाय दुसऱ्याच्या दानात, लाभात, भोगात वा वीर्यात विघ्न आणणाऱ्याला अंतराय कर्माचा बंध होतो, असे शास्त्र सांगते. खेळ ही लौकिक बाब आहे, तो मोक्षमार्ग नव्हे, हे मान्यच. तरीही काळजीपोटी का होईना, आपण कोणाच्या सामर्थ्याच्या आड तर येत नाही ना, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारण्यासारखे आहे.

वैनगंगेच्या काठावरील आरमोरीसारख्या गावात हा विचार अधिक निकडीचा ठरतो. हा धानाचा पट्टा. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, धानाची गिरणी आणि दुचाकी यांच्याशी येथील माणसाचा रोजचा संबंध. जिल्ह्यातील रेल्वे स्थानक वडशाला, आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरची वाट धरावी लागते. जखम भरून मुलगा घरी येतो, तेव्हा पुढच्या प्रशिक्षणाचे सर्व धागे तुटलेले असतात. ते जोडण्याचे काम गावातील व्यापारी उत्तम करू शकतो, कारण वाहन, ओळखी आणि हिशेबाची शिस्त त्याच्याकडे असते.

आरंभ छोटाच असावा. दिव्यांग ओळखपत्र वेळेवर काढावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने कोणता खेळ झेपेल ते ठरवावे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्पर्धांची चौकशी करावी. दिव्यांग क्रीडेत शारीरिक मर्यादेनुसार खेळाडूंची वर्गवारी होते आणि समान मर्यादा असलेल्यांत सामना होतो, ही गोष्ट मुलाला प्रथम सांगावी. धडधाकट मित्रांशी तुलना करून तो खचतो, ते टळते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात क्रीडा सहभागाची स्वतंत्र तरतूद आहे. म्हणजे मैदानावर त्याचा हक्क आहे, तो कोणाची कृपा मागत नाही. संघाने एखाद्या वर्षी शिबिराच्या निधीतील एक वाटा एकाच खेळाडूच्या प्रवासासाठी, आहारासाठी आणि साहित्यासाठी सलग तीन-चार वर्षे राखून ठेवावा. छायाचित्र कदाचित एकच निघेल, पण एक आयुष्य उभे राहील.

आणि गल्ला? तो कमी प्रतीचा मुळीच नाही. पेटकरांनीही पुढे पुण्यात नोकरी केली आणि संसार केला. सकाळी सराव आणि दुपारी दुकान, असा दिवस आखता येतो. फक्त गल्ल्यावर बसायचे की मैदानात उतरायचे, हे ठरवताना घरातील इतर सर्वांच्या आधी त्या मुलाला, त्या मुलीला विचारले जावे.