खिचडीतले परदेशी आणि बियाण्यांचे पहारेकरी

एकादशीला आपल्या घरी साबुदाण्याची खिचडी होते. तिच्यातला साबुदाणा (म्हणजे टॅपिओका या कंदाचे पीठ), शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. ज्ञानेश्वरांच्या काळी यांपैकी एकही जिन्नस या देशात नव्हता. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेला पोहोचला, त्यानंतर पोर्तुगीज व इतर युरोपीय जहाजांतून ही पिके हळूहळू जगभर पसरली. 'बटाटा' हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला. उत्तरेत त्याला 'आलू' म्हणतात. हा जुना शब्द आधी दुसऱ्याच कंदांसाठी होता, तो नव्या पाहुण्याला मिळाला. मिरचीचेही तसेच. आपल्या मिरीसारखी तिखट, म्हणून ती मिरची.

वर्गात हे सांगितले की कॅडेट आधी हसतात आणि मग थोडे रागावून विचारतात, "सर, मग आपले काय?" आपलेही पुष्कळ आहे. तूर, मूग, उडीद, काकडी आणि जिच्यासाठी युरोपीय जहाजे इथवर आली ती मिरी. गहू मात्र पश्चिम आशियातला. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली या तर युरोपातल्या एकाच रानवनस्पतीपासून माणसाने घडवलेल्या बहिणी आहेत. कोणी पाने निवडली, कोणी कळ्या, कोणी खोड.

एखाद्या पिकाचे मूळ गाव ओळखायचे कसे? या प्रश्नामागे आयुष्यभर हिंडलेला माणूस म्हणजे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह. त्याचे उत्तर साधे होते. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वाधिक प्रकार सापडतात आणि त्याचे रानटी भाऊबंदही आसपास उगवतात, तिथे त्याचा जन्म झाला असावा. बटाटा जगभर पिकतो, पण पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगरांत त्याचे जांभळे, पिवळे, वाकडे, बोटासारखे असे हजारो प्रकार आहेत. वाव्हिलोव्हने १९२६ मध्ये हा विचार ग्रंथरूपाने मांडला. पुढच्या संशोधकांनी त्यात दुरुस्त्या केल्या. इथिओपियात बार्लीचे असंख्य प्रकार असले तरी ती जन्मली पश्चिम आशियात, असे नंतर दिसून आले. तरी मूळ पद्धत कामाची ठरली. अफगाणिस्तान, इथिओपिया, मेक्सिको, पेरू असा फिरत त्याने बियाणी गोळा केली आणि ती लेनिनग्राडच्या आपल्या संस्थेत आणून ठेवली.

ही केवळ हौस नव्हती. आयर्लंडमधले गरीब शेतकरी जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत आणि बहुतांशी 'लंपर' हे एकच वाण लावत. बटाटा कंदापासून लावतात, त्यामुळे एका वाणाची सगळी झाडे हुबेहूब एकसारखी असतात. १८४५ मध्ये करपा आला तेव्हा एक झाड पडले तिथे सगळीच पडली. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. करप्याला तोंड देण्याची ताकद पुढे सापडली ती मेक्सिकोतल्या एका रानटी बटाट्यात.

आपल्याकडचे उदाहरण भाताचे आहे. १९७० च्या दशकात आशियात भाताची वाढ खुंटवणारा एक विषाणुजन्य रोग पसरला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा नमुना हाती लागला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भाताचा. संस्कृतात त्याला नीवार म्हणतात आणि त्याच्या शास्त्रीय नावातही 'निव्हारा' आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे निव्वळ गवत! त्याचा गुण घेऊन तयार केलेला 'आयआर ३६' हा भात पुढे आशियात लक्षावधी हेक्टरांवर पिकला.

आता लेनिनग्राडकडे येतो. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने शहराची नाकेबंदी पूर्ण केली. ती उठली २७ जानेवारी १९४४ रोजी. पहिल्या हिवाळ्यात कित्येक नागरिकांचा दिवसाचा शिधा १२५ ग्रॅम पावावर आला होता, आणि त्या पावातही भेसळ असे. वाव्हिलोव्हच्या संस्थेत त्या वेळी दीड लाखाहून अधिक नमुने होते. त्यांत गहू, तांदूळ, मका, कडधान्ये, शेंगदाणे, म्हणजे थोडक्यात टनावारी अन्न होते. संस्थेतल्या लोकांनी ते खाल्ले नाही. साठ्याच्या खोलीत कोणी एकट्याने जायचे नाही, असा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला. शहराबाहेरच्या प्रयोगक्षेत्रातले बटाटे तोफांच्या माऱ्यात खणून आणले आणि ते गोठू नयेत म्हणून मिळेल ते लाकूड जाळून तळघर ऊबदार ठेवले. उंदरांशी लढाई वेगळीच. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह भुकेने गेले तेव्हा त्यांनी जपलेल्या भाताच्या हजारो पुड्या जागच्या जागी होत्या. शेंगदाण्याचे अभ्यासक अलेक्झांडर श्चुकिन कामाच्या टेबलाशीच गेले. असे आणखीही काही सहकारी गेले.

स्वतः वाव्हिलोव्ह त्यांच्यात नव्हता. लिसेन्को या सरकारच्या मर्जीतल्या माणसाच्या अशास्त्रीय मतांना त्याने विरोध केला होता. ऑगस्ट १९४० मध्ये, युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करत असताना त्याला अटक झाली. जानेवारी १९४३ मध्ये साराटोव्हच्या तुरुंगात तो उपासमारीने खंगून मेला. सहकाऱ्यांनी मरेपर्यंत राखलेला साठा मात्र टिकला आणि युद्धानंतर त्यातून नवी वाणे तयार झाली.

सेनेशी या विषयाचा संबंध काय, असे पालकसभेत एकदा एका गृहस्थांनी मला विचारले होते. आपल्या देशाची राष्ट्रीय जनुक पेढी दिल्लीत आहे. तिच्या जोडीला लडाखमध्ये चांग ला खिंडीत, १७,००० फुटांहून उंचावर, बियाण्यांचे एक कोठार आहे. तिथे गारठा निसर्गच पुरवतो, त्यामुळे बियाणे थंड ठेवायला वीज फारशी लागत नाही. ते उभारण्यात संरक्षण संशोधन व विकास संघटनेचा, म्हणजे डीआरडीओचा, वाटा आहे. तुमच्यापैकी ज्यांची नेमणूक पुढे लेहला होईल, त्यांना पँगाँग सरोवराकडे जाताना ही खिंड वाटेत लागेल.