त्वचा, केस व नखे यांच्या विकारांची मराठी परिभाषा : घडण, अर्थ आणि परिणाम

सारांश

त्वचा, केस आणि नखे यांच्या विकारांना मराठीत तीन प्रकारची नावे आढळतात : ग्रीक-लॅटिन मुळांची आंतरराष्ट्रीय संज्ञा, संस्कृत वैद्यकातून आलेली संज्ञा आणि लोकभाषेतील रूढ शब्द. प्रस्तुत लेखात या तिन्हींची घडण स्पष्ट केली असून, सदोष संज्ञेमुळे रुग्णावर अन्याय कसा होतो, हे ‘कुष्ठ’ व ‘कोड’ या शब्दांच्या आधारे दाखविले आहे.

बीजसंज्ञा : परिभाषा, त्वचाविकार, कुष्ठ, कोड, लोकभाषा.

प्रस्तावना

यकृताचा विकार रुग्णाने सांगितल्याशिवाय इतरांस सहसा कळत नाही. त्वचेचे तसे नाही. चेहऱ्यावरचा डाग डॉक्टरांच्या आधी शेजाऱ्याला दिसतो आणि निदान होण्यापूर्वीच त्याला नाव मिळते. रोग कशामुळे झाला, तो दुसऱ्याला होईल काय, तो बरा होईल काय, यांविषयीची समजूत त्या नावातच दडलेली असते. त्यामुळे या विकारांची परिभाषा हा केवळ कोशकारांचा विषय राहत नाही. वर्गात शिकविणारे, आरोग्यविषयक लेखन वा भाषांतर करणारे आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत नेणारे प्राध्यापक यांनाही तिचा विचार करावा लागतो.

१. ग्रीक-लॅटिन संज्ञांची घडण

आधुनिक वैद्यकातील बहुतेक संज्ञा थोड्याच घटकांपासून बनलेल्या आहेत. ग्रीक भाषेत ‘डर्मा’ म्हणजे त्वचा, ‘थ्रिक्स’ म्हणजे केस व ‘ऑनिक्स’ म्हणजे नख. दाह दर्शविण्यासाठी ‘आयटिस’, विकारावस्थेसाठी ‘ओसिस’ आणि गाठीसाठी ‘ओमा’ हे प्रत्यय लावले जातात. ‘डर्मटायटिस’ म्हणजे त्वचेचा दाह. ‘ऑनिकोमायकोसिस’ या लांबलचक शब्दात नख, बुरशी व विकारावस्था असे तीन घटक असून नखाला झालेला बुरशीसंसर्ग एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘पॅरोनिकिया’ म्हणजे नखालगतचा विकार. यालाच आपण नखुरडे म्हणतो. घटक ओळखता आले की विद्यार्थ्याला पाठांतराचा भार वाहावा लागत नाही.

तथापि या संज्ञा नेहमीच शास्त्रशुद्ध असतात, असे मानण्याचे कारण नाही. केस गळण्याच्या विकारास ‘ॲलोपेशिया’ म्हणतात. या शब्दाचे मूळ कोल्हा या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. खरजेने कोल्ह्याचे केस झडतात, त्यावरून हे नाव पडले. गजकर्णास ‘टिनिया’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कुरतडणारी अळी असा आहे. प्रत्यक्षात हा विकार बुरशीमुळे होतो. जुन्या समजुती शब्दांत गोठून राहतात आणि ज्ञान पुढे गेले तरी शब्द मागेच राहतो, ही गोष्ट सर्वच भाषांत दिसून येते.

२. संस्कृत वैद्यकाचा वारसा

आयुर्वेदीय ग्रंथांत त्वचेच्या विकारांचे सविस्तर वर्गीकरण आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांपैकी सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे आहेत. दद्रू, पामा, विचर्चिका ही क्षुद्रकुष्ठांतील नावे. सुश्रुतसंहितेत ‘क्षुद्ररोग’ या प्रकरणात इंद्रलुप्त, दारुणक, व्यंग, कुनख इत्यादी केस, त्वचा व नखांचे विकार येतात. चेहऱ्यावरील काळसर डागांस मराठीत ‘वांग’ म्हणतात, तो शब्द ‘व्यंग’ यापासून आलेला आहे.

येथे एक बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. प्राचीन वैद्यकातील ‘कुष्ठ’ हे एका रोगाचे नाव नव्हते. गजकर्णासारख्या साध्या विकारापासून गंभीर विकारांपर्यंत अनेक त्वचारोगांना सामावून घेणारी ती वर्गसंज्ञा होती. अर्वाचीन काळात मात्र हा शब्द एकाच जंतुजन्य रोगासाठी राखून ठेवण्यात आला. अर्थसंकोचाच्या या घटनेतून पुढील गोंधळ उद्भवला.

३. लोकभाषेतील शब्द : सामर्थ्य आणि मर्यादा

त्वचेवर काय दिसते, हे सांगण्यासाठी बोलीभाषेतील मराठी अत्यंत समर्थ आहे. डाग, चट्टा, पुरळ, पुळी, पुटकुळी, फोड, गळू, गांधी, खपली, पापुद्रा, कोंडा, भेग या शब्दांनी निरनिराळे आकार व अवस्था दर्शविल्या जातात. सपाट तो डाग, उंचावलेली ती पुळी, पाण्याने भरलेला तो फोड, एकाएकी उठून मावळणारी ती गांधी. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात नेमका हाच भेद लॅटिन शब्दांनी शिकविला जातो. ‘चिखल्या’ या शब्दात तर कारणही सांगितलेले आहे : पावसाळ्यात चिखलपाण्यात राबणाऱ्यांच्या पायांच्या बोटांमधील त्वचा कुजते, म्हणून चिखल्या.

मात्र काही शब्द दिशाभूल करतात. ‘व्रण’ म्हणजे संस्कृतात जखम. रोजच्या मराठीत जखम भरून आल्यावर राहिलेली खूण. ‘पित्त’ म्हणजे आम्लपित्तही आणि अंगावर उठणाऱ्या गांधीही. ‘नायटा’ या नावाने कोणी गजकर्ण दाखवितो, तर कोणी इसब. ‘चाई’ पडली की केसांना कीड लागली, असे समजले जाते. वास्तविक या विकारात कीड नसते. शरीराची प्रतिकारयंत्रणाच केसांच्या मुळांवर हल्ला करते.

‘नागीण’ हे नाव याहून अधिक अपायकारक ठरते. कांजिण्यांचा विषाणू शरीरातील चेतातंतूंच्या मुळाशी सुप्तावस्थेत राहतो आणि पुढे केव्हातरी जागृत होऊन एका चेतातंतूच्या पट्ट्यात फोड उठवितो. हा पट्टा सामान्यतः शरीराच्या एकाच बाजूस असतो. नावामुळे मात्र नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी समजूत रूढ झाली आणि लेप व मंत्र यांत वेळ जाऊ लागला. विषाणुरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. तेव्हा येथे शब्दाची किंमत तासांत मोजावी लागते.

४. कुष्ठ, कोड आणि रक्तपिती

संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दाचे प्राकृत रूप ‘कोढ’. हिंदीत ‘कोढ’ म्हणजे कुष्ठरोग. मराठीत ‘कोड’ म्हणजे मात्र त्वचेवरील पांढरे चट्टे, अर्थात व्हिटिलिगो. एकाच शब्दाची दोन भावंडे शेजारच्या दोन भाषांत दोन वेगळ्या रोगांची नावे झाली. हिंदी मजकुराचे मराठी भाषांतर करणाऱ्यास याची जाणीव नसेल, तर एका रोगाची माहिती दुसऱ्याच्या नावावर छापली जाण्याचा धोका आहे. ‘रक्तपिती’ या शब्दाची गत अशीच आहे. आयुर्वेदात ‘रक्तपित्त’ हा रक्तस्रावाचा विकार होय. लोकभाषेत मात्र रक्तपिती म्हणजे महारोग.

युरोपातही असाच घोटाळा झाला होता. ग्रीक ‘लेप्रा’ हा शब्द मुळात खवले पडणाऱ्या त्वचाविकारांचा. पुढे तो कुष्ठरोगास लावला गेला आणि सोरायसिसचे रुग्णही कुष्ठरोगी गणले जाऊ लागले. १८७३ साली नॉर्वेतील गेरहार्ड हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला, तेव्हा या रोगाच्या ओळखीस निश्चित आधार मिळाला.

कोड व कुष्ठरोग यांतील भेद मूलभूत आहे. कोडामध्ये त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. तो जंतूंमुळे होत नाही व स्पर्शाने पसरत नाही. चट्टा दुधासारखा पांढरा असून तेथील संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो व तेथील संवेदना कमी झालेली असते. हा रोग जंतुजन्य असला तरी बहुऔषधी उपचाराने पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये या उपचाराची शिफारस केली. दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे राष्ट्रीय पातळीवरील उद्दिष्ट भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठले. नवे रुग्ण आजही आढळतात.

असे असूनही ‘श्वेतकुष्ठ’ किंवा ‘पांढरे कुष्ठ’ ही नावे लेखनात वापरली जातात. या नावांमुळे कोड असलेल्या व्यक्तीवर तिला न झालेल्या रोगाचा शिक्का बसतो. चरकसंहितेत श्वित्राची, म्हणजे कोडाची, गणना अठरा कुष्ठांत केलेली नाही; त्याचे वर्णन स्वतंत्रपणे येते. म्हणजे ‘श्वेतकुष्ठ’ या नावास त्या ग्रंथातील गणनेचा आधार नाही. मात्र त्याच ग्रंथात श्वित्राच्या कारणांत असत्य भाषण व कृतघ्नता यांचाही उल्लेख आहे. दोषारोपाची ही परंपरा विवाह जुळविताना अद्याप जाणवते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या २००६ मधील मराठी चित्रपटाचा हाच विषय आहे.

याचा अर्थ ‘कुष्ठ’ शब्दामागील कलंक कुष्ठरुग्णाने मुकाट्याने सोसावा, असा नव्हे. १८९८ चा कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये व्यक्तिगत कायद्यांतून वगळण्यात आले. कायद्याने जे केले ते भाषेने करणे अद्याप बाकी आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी सुचविता येतील.

१) त्वचेवर काय दिसते याचे वर्णन करताना लोकभाषेतील शब्दांना प्राधान्य द्यावे. ते अचूक आहेत आणि रुग्णाला ठाऊक आहेत.

२) रोगाचे नाव सांगताना आंतरराष्ट्रीय संज्ञा देवनागरीत देऊन तिचा अर्थ उलगडून सांगावा.

३) ‘नागीण’, ‘चाई’ यांसारखे शब्द टाळणे शक्य नाही, मात्र त्यांसोबत खरे कारण सांगितलेच पाहिजे.

४) ‘श्वेतकुष्ठ’ व ‘महारोग’ हे शब्द लेखनातून व अध्यापनातून वगळावेत. कोड व कुष्ठरोग ही दोन स्वतंत्र नावे पुरेशी आहेत.

५) रोगावरून व्यक्तीला नाव देऊ नये. ‘कोड असलेली विद्यार्थिनी’ असे म्हणण्यात दोन शब्द अधिक खर्ची पडतात. परंतु तेथे विद्यार्थिनी ही विद्यार्थिनीच राहते.

परिभाषेची कसोटी केवळ व्युत्पत्तीवर लावून भागत नाही. ती संज्ञा ऐकल्यावर रुग्ण दवाखान्याकडे वळतो की तोंड लपवितो, हेही पाहावे लागते.