कच्च्या घाटवाटेवर गाडी जाईल की नाही, हे कसे ठरवावे?

मालेगावची लुगडी, लुंग्या, टॉवेल आणि चादरी घेऊन सातपुड्यातले आठवडी बाजार करणारे आमच्या ओळखीत पुष्कळ व्यापारी आहेत. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो, अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोईचा. हे रस्ते वळणांचे असले तरी नीट चालवली तर साधी पिकअपही तिथे जाते. खरा प्रश्न डांबर संपल्यावर सुरू होतो. पाड्यावरची उधारी वसूल करायची असते, होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात दुसऱ्यापेक्षा लवकर दुकान मांडायचे असते, आणि समोर दगडगोट्यांची, ओहोळातून चढणारी वाट असते.

अलीकडे अनेकांनी गाड्या थोड्या सुधारून घेतल्या आहेत. टायर एक नंबर मोठे, पाट्यात एक पान जास्त, पुढे जाड लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर. मिस्त्री गाडीवर हात थोपटून सांगतो, "आता ही कुठेही जाईल, सेठ." आम्ही स्वतः कापडवाले आहोत, मिस्त्री नाही, पण वीस-पंचवीस वर्षे अशा वाटांवर माल नेण्याचा तजुर्बा आहे, आणि "कुठेही" हा शब्द आम्हाला कधीच पटला नाही. गाडी कुठे जाईल हे मोजता येते. मोजायला कोनमापक, सुतळी आणि दुकानातली मीटरपट्टी पुरते.

आधी टायरचा हिशेब घ्या, कारण पैसे सर्वांत जास्त तिथेच जातात. बोलेरोला २१५/७५ आर १५ मापाचा टायर असतो, त्याची उंची साधारण ७०३ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर उंची ७३३ होते. टायर ३० मिलिमीटरने वाढला, पण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून तो उचलला जातो फक्त १५ मिलिमीटर. बोटाच्या जाडीएवढा फायदा झाला. शिवाय काट्यावर ६० दिसतात तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते आणि चढावर इंजिनाची ओढ तेवढीच कमी होते. मोठा टायर वाईट असे आम्ही म्हणत नाही. सातपुड्याच्या काळ्या दगडाच्या धारेवर जाड बाजूचा टायर फार उपयोगी पडतो, कारण तिथे टायर तळातून कमी आणि बाजूने जास्त फाटतो. पण टायर बदलला म्हणजे गाडी उंच झाली, हा समज सोडून द्यावा.

पाटे वाढवून किंवा उंच शॅकल लावून गाडी दोन इंच उचलली, तरी मागच्या ॲक्सलच्या मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, जिथे होता तिथेच राहतो. उचलले जाते ते चेसिस आणि गाडीचे पोट. म्हणून दोन उंच्या वेगळ्या मोजाव्यात: एक गोळ्याखालची, दुसरी दोन्ही चाकांच्या मध्ये पोटाखालची. वाटेतला सुटा धोंडा गोळ्याला लागतो, वाटेचा उंचवटा पोटाला लागतो. दोन्हीचा इलाज एक नाही.

पोटाचा हिशेब असा. पुढच्या आणि मागच्या चाकातले अंतर २६८० मिलिमीटर आणि पोटाखाली आठ इंच जागा असेल, तर गाडी सुमारे १७ अंशांचा उंचवटा ओलांडते. दोन इंच उचलल्यावर हा कोन सुमारे २१ होतो. छोट्या जीपमध्ये चाकांतले अंतर आठ फूट आणि पोटाखाली दहा इंच असतील तर तो साडेतेवीसच्या आसपास जातो. लांब गाडी माल जास्त घेते आणि बांधावर पोट टेकून बसते ती याच कारणाने. एकदा पोट टेकले की चारही चाके फिरून काही होत नाही. गाडीचे वजन चाकावरून उतरलेले असते.

पुढचा आणि मागचा कोन मोजायला सोपा आहे. टायर जमिनीला जिथे टेकतो तिथून बंपरच्या सर्वांत खालच्या टोकापर्यंत सुतळी ताणा आणि मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक लावा. तुलनेसाठी सांगतो: २०२० साली आलेल्या महिंद्रा थारचा पुढचा कोन कंपनी ४१ अंशांच्या आसपास सांगते, पोटाचा २७, मागचा ३६. २०२३ च्या मारुती जिम्नीचा पुढचा ३६ आणि पोटाचा २४ सांगितला जातो. आता तुमच्या गाडीला लावलेल्या त्या जाड बंपरखाली सुतळी धरून पाहा. कंपनीचा बंपर वर वळलेला होता, नवा सरळ खाली उतरलेला असतो. पुष्कळ गाड्यांचा कोन अशा सुधारणेने कमीच झालेला आम्ही पाहिला आहे.

आणि हे सर्व आकडे रिकाम्या गाडीचे आहेत. आपली गाडी रिकामी कधी जाते? साठ किलोच्या आठ गाठी मागे टाकल्या म्हणजे ४८० किलो झाले, वर दोन माणसे. मागचे पाटे दोन-तीन इंच बसतात. मागचा कोन कमी होतो, गाडीचे नाक वर होते, चढावर स्टिअरिंग हलके लागते आणि पुढची चाके जमीन नीट धरत नाहीत. म्हणून माप घ्यायचे ते गाठी भरून, ड्रायव्हरला बसवून घ्यावे. जड गाठी मागच्या ॲक्सलच्या पुढे आणि तळाला ठेवाव्यात. कॅरिअरवर टॉवेलच्या हलक्या थैल्या चालतील, लुगड्याच्या गाठी मुळीच नाहीत. त्याचे कारण आडव्या उताराला कळते, ते पुढे सांगतो.

पान वाढवण्याबद्दल एक गोष्ट मिस्त्री सहसा सांगत नाहीत. जास्त पानांचा पाटा वजन झेलतो हे खरे, पण तो ताठ होतो. खडबडीत वाटेवर एक चाक धोंड्यावर चढते तेव्हा दुसरे खड्ड्यात उतरून जमिनीला टेकायला हवे. ताठ पाट्याची गाडी ते चाक हवेत उचलते. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की जे चाक मोकळे, जोर तिकडेच निघून जातो. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतही पुढचे एक आणि मागचे तिरपे दुसरे चाक हवेत गेले की दोन चाके भिरभिरतात आणि गाडी जागची हलत नाही. लॉक होणारे डिफरन्शियल असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्या बहुतेक गाड्यांत ते नसते. याची परीक्षा गावातच करता येते. मोकळ्या जागेत मजबूत फळी आणि विटांचा उतरता चबुतरा करा, पुढचे एक चाक हळूहळू त्यावर चढवा आणि दुसऱ्या माणसाने लांब उभे राहून पाहावे की किती उंचीवर दुसरे कोणते तरी चाक जमीन सोडते. ती उंची लिहून ठेवा. वाटेवर त्याहून खोल उलटसुलट खड्डे असतील तर ती तुमच्या गाडीची वाट नव्हे.

आता वाट. गाडीत बसून वाट कळत नाही, ती पायी चालावी लागते, आणि अवघड तुकडा दोन्ही दिशांनी. उतरताना सोपी वाटलेली जागा परत चढताना, दव पडल्यावर किंवा सरीनंतर, दुसरीच असते. चढ मोजायला मीटरपट्टी काढा. तिचे एक टोक चढाला टेकवून पट्टी आडवी समपातळीत धरा. पाण्याची अर्धी बाटली वर आडवी ठेवली की पातळी कळते. दुसऱ्या टोकाखाली जमीन किती खोल आहे ते टेपने मोजा. २७ सेंटिमीटर आले तर चढ १५ अंशांचा, ३६ आले तर २०, ४७ आले तर २५, आणि ५८ म्हणजे ३० अंश. कोरड्या घट्ट खडकावर फोर-लो गिअर असलेली गाडी २५ अंश आरामात चढेल. त्याच उतारावर सुटी खडी असेल तर २० वरही आम्ही भरलेली गाडी घालत नाही. फक्त मागच्या चाकावर चालणाऱ्या पिकअपला १५ अंश सुटी खडी म्हणजे हद्द झाली. हे आमचे अंदाज आहेत, कोणत्या पुस्तकातले नाहीत. पण या अंदाजावर माल सुखरूप पोचत आला आहे.

चढापेक्षा आडव्या उताराला जास्त घाबरावे. चढावर गाडी अडकते, आडव्या उतारावर उलटते. पट्टीने आडवा उतार १५ अंश निघाला आणि वरच्या बाजूचे चाक २० सेंटिमीटरच्या धोंड्यावर चढले, तर दोन चाकांत १४० सेंटिमीटर अंतर धरून आणखी ८ अंश वाढतात. एकूण २३ झाले. खालच्या बाजूचे पाटे वजनाने दबतात ते वेगळेच. रिकामी जीप हे सोसते. टपावर दीडशे किलो असलेली गाडी आम्ही दहा अंशांपलीकडे आडवी नेऊ देत नाही, आणि अशा जागी टपावर किंवा फाळक्यावर माणूस बसू देत नाही. बाजारच्या दिवशी लोक हात दाखवून चढतात, नाही म्हणणे जड जाते, पण म्हणावे.

ओहोळाचे पाणी काठीने मोजावे. थारची कंपनी ६५० मिलिमीटर खोलीपर्यंत जाता येते असे सांगते, पण ते उभ्या पाण्याचे आणि सपाट तळाचे. वाहते पाणी एक फूट असले तरी हलकी गाडी सरकते आणि दोन फूट वाहत्या पाण्याने भल्या गाड्या नेल्या आहेत. आपल्या गाडीत हवा ओढणारे तोंड कुठे आहे ते मिस्त्रीकडून दाखवून घ्या. त्यात पाणी गेले की डिझेल इंजिनाचा रॉड वाकतो, मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात उतरले तर आत पाणी ओढून घेते, म्हणून त्याची हवानळी वर घेतलेली असावी आणि परतल्यावर तेल पाहावे. ते दुधाळ दिसले तर लगेच बदलावे. पावसाळ्यात तळ दिसत नसेल त्या ओहोळात गाडी घालायची नाही, मग पलीकडे कितीही गिऱ्हाईक उभे असो.

टायरमधली हवा ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. डांबरावर ३५ पौंड असेल तर हलक्या वजनाला दगडी वाटेवर २० पर्यंत उतरवल्याने टायर पसरतो आणि पकड वाढते. भरलेल्या गाडीत मात्र इतकी उतरवू नये, टायरची बाजू दगडात चिमटते. आणि पंप सोबत असेल तरच हवा काढावी. कमी हवेवर डांबरी घाट उतरणे म्हणजे टायर रिमवरून निसटण्याला बोलावणे.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे ड्रायव्हर अजून आहेत. पहिल्या गिअरमध्ये, शक्य असेल तर फोर-लोमध्ये, ब्रेक जपून उतरले पाहिजे. चढावर इंजिन बंद पडले तर क्लच दाबून गाडी मागे सोडायची नाही. ब्रेक धरून रिव्हर्स टाकावा आणि सरळ मागे यावे. वळवायला जाल तर गाडी आडवी होते.

कायद्याचेही पाहा. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदात लिहिलेल्या कंपनीच्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कडकपणे सांगितले. लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्याचे केंद्राचे पत्र डिसेंबर २०१७ चे आहे. अपघातानंतर विम्याचा माणूस आधी हेच पाहतो. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत धंद्याचा माल असेल तर तो आणखी एक मुद्दा मिळतो. लाख-दीड लाखाचा माल असताना ही गोष्ट बंपरच्या शोभेपेक्षा मोठी आहे.

मोजमाप करूनही मन कचरत असेल तर गाडी डांबराच्या टोकाला उभी करावी आणि गाठोडी माणसांकडून वर न्यावीत. मजुरी जाते, पण किती जाणार ते आधीच माहीत असते. आणि जायचेच ठरले तर दुसरी गाडी सोबत असावी. टोचनाची दोरी चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकालाच बांधावी. ट्रॉली ओढायच्या गोळ्याला बांधून झटका दिला तर तो गोळा तुटून बंदुकीच्या गोळीसारखा येतो. दोरी ताणलेली असताना तिच्या लांबीइतक्या अंतरात कोणी उभे राहू नये, पोरांना तर आधीच लांब पाठवावे, कारण पाड्यावर गाडी अडकली की ती पाहायला पोरेच सर्वांत पुढे येतात.