उसण नव्हे, ढोंगही नव्हे

गेल्या भाद्रपदात हंडा उचलताना माझ्या आजीच्या कमरेत कळ आली आणि दोन्ही पाय जड झाले. "उसण भरली, पायाळू माणसाचा पाय लावून घ्या," असा सल्ला शेजाऱ्यांनी लगेच दिला. खरे म्हणजे तिच्या दुखण्याचे कोडे आम्हांला वर्षभर सुटले नव्हते. दिवसभर वाकून खुरपणारी आजी सरळ उभी राहिली की कण्हत असे. बाजाराच्या वाटेवर तर शंभर पावलांवर खाली बसे. तिला ढोंगी म्हणणाऱ्यांत मीही होतो.

तालुक्याच्या डॉक्टरांनी या दुखण्याचे नाव सांगितले : स्पायनल स्टेनोसिस. पाठीच्या मणक्यांतून नसा जाण्यासाठी एक पोकळ मार्ग असतो. वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, सांध्यांचे हाड वाढते आणि हा मार्ग अरुंद होतो. सरळ उभे राहिल्यावर तो अधिकच आवळतो, पुढे वाकल्यावर थोडा मोकळा होतो. डच शल्यविशारद हेंक व्हरबीस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. म्हणजे आजीचे ते वागणे ढोंग नव्हते, तेच रोगाचे लक्षण होते.

असे दुखणे एकाएकी उफाळले तर काय करावे? पुढे झुकून बसावे, किंवा गुडघे पोटाशी घेऊन, त्यांच्यामध्ये उशी ठेवून कुशीवर पडावे. कमरेला सोसेल असा शेक १५ ते २० मिनिटे द्यावा. ओझे उचलणे व मागे वाकणे टाळावे. मात्र एक-दोन दिवसांपलीकडे अंथरूण धरू नये, त्याने स्नायू दुबळे होतात. मधूनमधून बसत थोडे थोडे चालावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. वृद्धांच्या जठराला व मूत्रपिंडांना त्या अपाय करू शकतात. आणि पाठीवर लाथ तर मुळीच नको!

परंतु लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघांमधला भाग बधिर झाला, पायांतले बळ झपाट्याने जाऊ लागले, तर रात्र असली तरी थांबू नये. तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास नसा कायमच्या निकामी होऊ शकतात.

आजीवर ती वेळ आली नाही. आता ती काठी टेकीत, जरा वाकून बाजाराला जाते आणि वाटेतल्या पारावर बसते. "ताठ चाल की!" असे मी तिला पूर्वी म्हणत असे. आता मीही तिच्याजवळ बसतो.