घाटाची फेरी: एका दाराने वर, दुसऱ्या वाटेने खाली

शहापूर-मुरबाडच्या बाईला डोंगर काही नवा नाही. मोळीसाठी, करवंदांसाठी, गुरांच्या मागे, कधी घाटावरच्या माहेरी जायला म्हणून ती तो चढतच आली आहे. पण पाठीला पिशवी लावून, दोन दिवसांचं सामान घेऊन, रात्री वर मुक्काम करून दुसऱ्याच वाटेनं खाली यायचं, तेही कुठल्या कामाशिवाय, असं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "कशाला?" त्याचं उत्तर जिचं तिनं द्यावं. आज आपण फक्त "कसं" एवढंच बोलू. मुंबई-पुण्याची माणसं दर शनिवारी आपल्या दारावरून जाऊन ही फेरी करतात, मग आपल्यालाच ती अवघड का वाटावी?

फेरी म्हणजे गेलेल्या वाटेनं परत न येणं. आपल्याकडे यासाठी सगळ्यात सोयीची जोडी आहे भोरांड्याची नाळ आणि नाणेघाट. दोन्ही वाटांचे पायथे मुरबाड तालुक्यात, कल्याण-नगर रस्त्याच्या अंगाला, आणि दोन्हींची डोकी जुन्नर तालुक्यातल्या पठारावर. मध्ये सह्याद्रीची भिंत. या भिंतीला जिथे जिथे फट आहे तिथे जुन्या लोकांनी नाव ठेवलंय: कुठे घाट, कुठे नाळ, कुठे दार. घाट म्हणजे लादलेले बैल जातील अशी बांधलेली, वळणं घेत चढणारी वाट. नाळ म्हणजे पावसाचं पाणी उतरतं ती घळ, मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली, सरळ उभी. भोरांड्याच्या नाळेला कुणी भोरांड्याचं दारही म्हणतात. नावं सारखी वाटली तरी पायाला दोन्हींतला फरक लगेच कळतो, आणि फेरी कुठल्या बाजूनं करायची हे त्या फरकावरच ठरतं.

आमचं म्हणणं ठाम आहे, चढ नाळेनं आणि उतार घाटानं. चढताना धोंड्यांवर हात टेकता येतो, नजर पुढच्या दगडावर असते. तीच नाळ उतरताना सगळं वजन गुडघ्यावर येतं, सुटा दगड पायाखालून निसटतो आणि खाली चालणारीच्या डोक्याकडे जातो. दुसऱ्या दिवशी पाय दमलेले असताना नाणेघाटाच्या फरसबंदीसारखी वाट पायाखाली असावी. आणखी एक गंमत आहे. ही भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, त्यामुळे सकाळी सूर्य तिच्या मागे असतो आणि बराच वेळ सावलीतून चढता येतं. हा फायदा लवकर निघणारीलाच मिळतो. दुपारनंतर तेच कातळ तव्यासारखे तापतात.

महिना कुठला? पावसाळ्यात नाणेघाटावर जत्रा असते, वाऱ्यानं उलटं उडणारं पाणी बघायला लोक लोटतात. पण पावसात नाळेत पाऊल टाकायचं नाही, ती पाण्याचीच वाट आहे. एप्रिल-मे उन्हामुळे बाद. फेब्रुवारी संपत आला की गवत वाळून वणव्याची भीती. भात झोडून घरात आलं की डिसेंबर-जानेवारी मोकळा मिळतो, तेच दिवस धरा. म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला लागते, तेव्हा गाड्यांना गर्दी असते आणि घरी पाहुणे, म्हणून तो आठवडा सोडा.

आता वेळेचं गणित, कारण अपघात बहुतेक वेळा वाटेमुळे होत नाही, उशिरामुळे होतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तिथून उलटं मोजत या. मुक्कामाच्या गावात चारच्या आत पोचायचं. पठारावरून मुक्कामापर्यंतच्या चालीला अडीच तास धरा, म्हणजे दीडला नाळेच्या डोक्यावर हवं. नाळेला चार तास आणि विश्रांतीला एक असे पाच धरा, म्हणजे साडेआठला शेवटची बाई नाळेला लागली पाहिजे. शेवटची, पहिली नाही. दहा बायकांच्या गटात पहिली आणि शेवटची यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर सहज पडतं. त्यासाठी वाटेतल्या गावापर्यंत आदल्या संध्याकाळीच यावं, नाहीतर पहाटे गाडी ठरवावी. शहापूरकडच्या बायकांना किन्हवली-सरळगाव करून यावं लागतं, त्यांनी तर आदल्या संध्याकाळीच यावं. पहिल्या एसटीच्या भरवशावर कुणीच राहू नका.

आणि एक वेळ परतीची ठरवा. भोरांड्यातल्या वाटाड्याला आदल्या दिवशी विचारा, नाळेचा निम्मा भाग कुठल्या खुणेशी होतो. अकरा वाजले आणि शेवटची बाई त्या खुणेच्या वर नसेल, तर सगळ्यांनी मागे फिरायचं. काहीजणी वर, काहीजणी खाली असं करायचं नाही. हा निर्णय घरी, चहा पिताना करून ठेवायचा आणि कागदावर लिहायचा. नाळेत उभं राहून चर्चा केली तर "आता एवढं आलोच आहोत" हेच वाक्य जिंकतं. मागे फिरल्यानं दिवस वाया जात नाही. खाली उतरून, जेवून, दुसऱ्या सकाळी नाणेघाटानं चढून नाणेघाटानंच उतरा. फेरी झाली नाही, पण घाट झाला.

वाटाड्या घ्याच. आपण इथल्याच असलो तरी शेजारच्या गावचं रान आपलं नसतं. नाळेच्या तोंडाशी गुरांच्या वाटा दहा ठिकाणी फुटतात. मजुरी आधी बोलून घ्या आणि घासाघीस करू नका, कारण त्यानं दिवसभराचं काम सोडलेलं असतं. आपल्याला ते वेगळं सांगायला नको.

मुक्कामासाठी घाटघर बरं. आपल्याकडे घाटघर म्हटलं की अकोले तालुक्यातलं धरणाचं घाटघर डोळ्यांपुढे येतं. हे ते नव्हे, हे जुन्नरचं, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचं. नाणेघाटापासून तिथपर्यंत रस्त्यानं तास-सव्वा तासाची चाल. घरगुती जेवण आणि ओसरीवर झोपायची सोय होते, फक्त फोन करून आकडा आधी सांगावा, कारण दहा बायकांच्या भाकऱ्या आयत्या वेळी कुणाच्या चुलीवर होणार? जीवधन चढायचा मोह होईल. तो तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आहे, या फेरीत कोंबू नका.

ओझ्याचं बोलू. आपल्यातल्या कितीतरी जणी वीस-पंचवीस किलोची मोळी डोक्यावरून आणतात, म्हणून सॅकला हसतात. पण मोळी उतरवली की काम संपतं. सॅक मात्र दोन दिवस अंगावर असते आणि नाळेत वाकताना ती आपल्याला मागे ओढते. पन्नास किलोच्या बाईनं आठ-नऊ किलोच्या वर ओझं घेऊ नये. त्यात पाणीच तीन लिटर, म्हणजे तीन किलो, आणि ते कमी करायचं नाही. मग उरलं काय? एक जोडी कपडे, पातळ चादर, स्वेटर (वर रात्री वारा बोचतो), टॉर्च, दुपारचं जेवण. जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध ठेवा. सॅकला कमरेचा पट्टा असेल तर तो घट्ट बांधा, वजन खांद्यावरून कंबरेवर येतं. मुलांच्या शाळेच्या दप्तराला तो पट्टा नसतो, पण ओढणी आडवी बांधून भागतं.

जेवण आपलं नेहमीचंच उत्तम. बाजरीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दशम्या टिकतात, धपाटे टिकतात. वाटेत दर तासाला मूठभर गूळ-शेंगदाणे खा, भूक लागायची वाट बघू नका. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घाला. वर नाणेघाटाच्या लेण्याजवळ कातळात खोदलेली टाकी आहेत, पण ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

पायात काय घालायचं हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. चप्पल नाही. मुलांचे पीटीचे पांढरे बूटही नाहीत, त्यांचा तळवा सपाट असतो. तळव्याला खोल खाचा असलेला कुठलाही बूट चालेल, फक्त तो नवा कोरा घालून येऊ नका, पंधरा दिवस शेतावर वापरून मग आणा. साडी नेसणारीनं काष्टा घालावा, पायात घोळ अडकायला नको.

आता जे आपल्या कार्यक्रमात बोललंच पाहिजे. निघायच्या महिनाभर आधी आशाताईंना सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं ते किमान बारा असायला हवं. आपल्याकडे कितीजणींचं असतं ते आपल्याला माहीत आहे. रक्त कमी असलं की सपाटीवर जाणवत नाही, कारण आपण सवयीनं ओढत असतो. चढाला मात्र धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि नाळेत चक्कर येणं म्हणजे पडणं. आकडा कमी आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका, गोळ्या सुरू करा, फेरी पुढच्या वर्षी करा. महिनाभरात चार रविवार सॅक भरून गावच्या टेकडीवर चढून या, त्यात कोण किती चालतं तेही कळतं. पाळी त्याच दिवसांत येणार असेल तर ती पुढे ढकलायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नका. पॅड, जुना पेपर आणि एक घट्ट पिशवी ठेवा, वापरलेलं सगळं परत खाली आणा. पाळीत चढायचं की नाही हे ज्या त्या बाईनं ठरवावं, गटानं नाही. लेण्यापाशी जायला तर कुठलीच आडकाठी नाही.

साप-विंचवाचं. धोंड्याच्या कपारीत न बघता हात घालायचा नाही, बसायच्या आधी काठीनं दगड ठोकायचा. फुरसं आणि घोणस आपल्या रानात आहेतच. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय फळीसारखा स्थिर करायचा, बाईला चालू द्यायचं नाही, काठ्या आणि चादरीची झोळी करून न्यायचं. भगताकडे गेलेला तास परत मिळत नाही. विंचवाचंही तेच. कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपचार रूढ केला आणि त्यानं किती जीव वाचले. पण ती गोळी दवाखान्यात मिळते, अंगाऱ्यात नाही. म्हणून निघण्याआधी ठरवून ठेवा: खुणेच्या खाली काही झालं तर खाली महामार्गावर उतरायचं आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं, खुणेच्या वर झालं तर वर चढून घाटघरच्या रस्त्यानं जुन्नर गाठायचं. सर्पदंशाची लस आहे का, हे दोन्हीकडे आदल्या दिवशी फोन करून विचारा. १०८ नंबर सगळ्यांना पाठ हवा, मात्र नाळेत मोबाइलची रेंज मिळेल असं धरून चालू नका. बायकांची नावं, वाट आणि परतायची वेळ लिहिलेला कागद घरी एक आणि गावच्या पोलीस पाटलांकडे एक ठेवा. आग्या मोहोळ दिसलं तर गप्प चालायचं, धूर करायचा नाही, सुगंधी तेल-पावडर तर घरीच ठेवायची.

दुसरा दिवस निवांत. उजाडताच निघून नाणेघाटावर या. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणाऱ्या तांड्यांकडून इथे जकात घेत, ती त्या रांजणात पडे असं सांगतात. बाजूच्या लेण्यात भिंतभर ब्राह्मी अक्षरं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा. नवरा सातकर्णी गेल्यानंतर तिनं यज्ञांची नावं आणि दक्षिणा कोरून ठेवली: इतक्या गायी, इतके हत्ती, इतके घोडे, इतकी नाणी. मोठमोठे आकडे आहेत त्यात, हिशोबाची वहीच म्हणा ना. तिथे तिच्या घराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या, आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरलीत. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बायकांनी तिथे दहा मिनिटं बसावंच. चूल मात्र लेण्यात पेटवू नका, धुरानं अक्षरं जातात.

उतरायला अडीच-तीन तास. काठी लागतेच, घाटाच्या दगडांना घासून घासून गुळगुळीतपणा आला आहे. बाराच्या आसपास महामार्गावर याल. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून जीपपेक्षा एसटी परवडते. पण रविवारी दुपारनंतर आळेफाटा-जुन्नरकडून येणाऱ्या गाड्या माळशेज उतरतानाच भरलेल्या असतात आणि कधी कधी हात दाखवूनही थांबत नाहीत. नाणेघाटाच्या पायथ्याशी उभं राहण्यापेक्षा मिळेल त्या वाहनानं वैशाखरे नाहीतर टोकावडे गाठा, तिथे थांबा आहे. आत शिरताना सॅक पाठीवरून काढून पुढे धरा आणि मुरबाडपर्यंत उभ्यानं यायची तयारी ठेवा.